वरचे माझे, खालचे तुझे

बायको एकुलती एक होती. त्यामुळे मला मेव्हणी नाही, यावरून मित्रांनी मला आयुष्यभर चिडवलं. ती ऐकायची आणि म्हणायची, "आहे की एक. वर्षातून एकदा भेटते." मी हसण्यावारी न्यायचो. थट्टा करताना तिचा चेहरा जराही हलत नसे.

वर्षातून एकदा ती देशासाठी गेलेल्यांच्या स्मारकाला जायची. ती पाळण्यात असताना तिचे वडील लढाईत गेले. देह काही घरी आला नाही, नुसता निरोप आला. त्यांचं म्हणून जे काही उरलं होतं, ते स्मारकाच्या भिंतीवर पितळेत कोरलेलं नाव. तेवढं पुसून यायची. माझं कुलूप-किल्ल्यांचं दुकान. पॉलिशचा डबा आणि फ्लॅनेलचं फडकं ती तिथूनच उचलायची. फडक्याला आधी लाल दोऱ्यानं कड शिवून घ्यायची.

"सासऱ्यांना सगळं फुकट," मी म्हणायचो.

"जावयाचं आहे, चालतं त्यांना."

मी येऊ का विचारलं, तर म्हणायची, "तुम्ही दुकान बघा. माझी माहेरची वाट आहे ती."

गेल्या वर्षी त्या दिवशी ती अंथरुणाला खिळलेली होती. जाता आलं नाही. पुढं आवाज खोल गेल्यावर मला म्हणाली, "बाबांचं नाव काळं पडू देऊ नका." त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

यंदा तो दिवस आला तेव्हा मी शटर ओढलं, डबा आणि फडकं पिशवीत टाकलं आणि निघालो. पितळ मला कळतं. इतके दिवस हात लागला नाही तर ते तपकिरी होतं, खोबणीत हिरवट धरतं. खूप घासावं लागणार, अशा तयारीनंच गेलो होतो.

स्मारक म्हणजे एक उंच, गार खोली. मधोमध दिवा. एका भिंतीवर स्वातंत्र्यासाठी फाशी गेलेल्यांची नावं, बाकीच्या भिंतींवर सैनिकांची. लोक कुजबुजतच बोलत होते. मी बोट फिरवत सासऱ्यांच्या नावापाशी आलो आणि थांबलो. नाव दोनदा होतं. एकाखाली एक, तेच नाव, तेच आडनाव, पुढं हुद्दा-गाव काही नाही. यातले माझे सासरे कोणते, हे तिनं कधी सांगितलंच नव्हतं. आणि दोन्ही लखलखत होती. आजूबाजूची सगळी नावं मळकट, ही दोन तेवढी आरशासारखी.

मी डबा हातात धरून तसाच उभा राहिलो. आता पुसायचं काय आणि कोणाचं?

मागून आवाज आला. "तुम्ही भाऊजी ना? कुलूपवाले?"

बाई माझ्या बायकोच्याच वयाची. हातात फ्लॅनेलचं फडकं होतं, त्याला लाल दोऱ्याची कड.

"ताई कुठंय? गेल्या वर्षी पण आली नाही. मी म्हटलं, रुसली की काय."

मला सांगावं लागलं. ती भिंतीजवळच्या बाकावर बसली. फडक्याची घडी घालत राहिली, मोडून पुन्हा घालत राहिली. मीही शेजारी बसलो.

घडी मांडीवर ठेवून म्हणाली, "माझे बाबाही त्याच लढाईत गेले. नाव हेच. पहिल्यांदा आम्ही दोघी इथं भांडलो. ती म्हणे वरचे माझे, मी म्हणे वरचे माझे. दोघींनाही ठाऊक नव्हतं. मग तिनंच तोडगा काढला. एका वर्षी वरचे तिचे, खालचे माझे. पुढच्या वर्षी उलट. म्हणजे कुणाचेच बाबा राहायला नकोत."

"मग गेल्या वर्षी?"

"दोन्ही मीच पुसली. आणि मधेमधे येऊन गेले. ताईचे बाबा काळे पडून कसं चालेल?"

आम्ही औषधं, दवाखाना यात बुडालो होतो, तेव्हा ही परकी बाई आमच्या घरचं काम करत होती. ना कुणी सांगितलं, ना कुणी विचारलं. मी आभार मानायला लागलो तर तिनं हातानंच थांबवलं.

"ते राहू द्या. यंदा वरचे तुमचे. मी आले तेव्हा दोन्हीवरून नुसतं कोरडं फडकं फिरवलंय. पॉलिश लावा."

मी पॉलिश लावलं. तिनं खालचं नाव घेतलं. कुलपं चमकवण्यात माझं आयुष्य गेलं, तरी इथं हात जपून फिरवत होतो. बोटाखाली एकेक अक्षर येत होतं. हे आपले सासरे असोत किंवा या बाईचे वडील, असं मनात आलं आणि बरं वाटलं. बायको गेल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

"भाऊजी, वेलांटी राहिली," ती म्हणाली.

खरंच, वेलांटीच्या खोबणीत पांढरं पॉलिश अडकलं होतं. मी नखावर फडकं ताणून ते काढलं.

"ताई असती तर बोलली असती. दुकानदार आहेत आणि एवढं दिसत नाही."

"बोललीच असती."

निघताना तिनं मला बजावलं, "पुढच्या वर्षी खालचे तुमचे. दुकान बंद ठेवून यायचं. कारणं सांगायची नाहीत."

मी "बरं" म्हणालो. मेव्हणीपुढे फार बोलता येत नाही, हे मित्र मला सांगत आलेच होते.