पकडीचे फोटो

सुलक्षणाला तो कॅमेरा मिळाला वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मुलीकडून. हिंजवडीच्या कंपनीतली ती मुलगी बंगळूरला निघाली तेव्हा सामान आवरता आवरता म्हणाली, "काकू, हा तुम्ही ठेवा. माझं आता सगळं मोबाइलवरच होतं." साबणाच्या डबीएवढा काळा कॅमेरा. ड्रेसच्या खिशात मावायचा. चालू केला की त्याची नळी सरसरत पुढं यायची आणि दोन शेतं पलीकडचा माणूस हात लावावा इतका जवळ दिसायचा.

घर पुण्याजवळ भुकूमला. सासरे हैबतराव गावातले जुने जमीनदार. निम्मी जमीन प्लॉटिंगमध्ये गेली, राहिलेल्या जागेवर त्यांनी घर आणि भाड्याच्या खोल्या बांधल्या. सुलक्षणा थोरली सून. धाकट्या दिराचं, किशोरचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं आणि जवळच्याच चांदे गावची गौतमी घरात आली. येताना ती कबड्डीचे बूट घेऊन आली.

रोज सकाळी सहाला हैबतराव स्कूटर काढायचे आणि गौतमीला भूगावच्या मैदानावर सरावाला सोडायचे. साडेआठला आणायला जायचे. ती यायच्या आत तिच्यासाठी चार अंडी उकडून ठेवायची, हे काम सुलक्षणाचं. सासूबाई चंद्राबाईंनीच तसं ठरवून दिलं होतं. "खेळणारी पोर हाय, अंगात ताकद पायजे," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या.

अंडी सोलताना सुलक्षणाच्या हातांना काय व्हायचं ते कुणाला दिसत नव्हतं. लग्नाआधी तीसुद्धा खेळायची. तालुक्याच्या संघात ती चढाईला जायची. घोटवड्याच्या मैदानावर एकदा एकाच चढाईत तिनं चार गडी बाद केले होते. लग्नानंतर आठवड्यानं तिनं सरावाला जाऊ का म्हणून विचारलं, तेव्हा हैबतराव जेवत होते. ताटावरून मान वर न करता ते म्हणाले होते, "आता सून झालीस. मैदानावर चड्डी घालून नाचायचं दिस गेलं." चौदा वर्षं झाली. तोच माणूस आता धाकट्या सुनेचे बूट उन्हात वाळत घालतो.

फेब्रुवारीत पौडला तालुक्याच्या महिला कबड्डीच्या स्पर्धा लागल्या. चार दिवस, रोज दुपारी तीनपासून सामने. आदल्या दिवशी हैबतराव म्हणाले, "सुलक्षणा, तुज्याकडं त्यो बारका कॅमेरा हाय नव्हं? घेऊन चल. गौतमीचं फोटो काढ. बाहेरच्या खोलीत लावायचं हायेत."

"मोबाइलवर निघत्यात की," ती म्हणाली.

"मोबाइलवर तोंड वळखू येत न्हाई लांबून. किशोरनं काढलं व्हतं मागं. समद्या पोरी सारख्याच दिसत्यात."

मैदानाच्या तोंडाशीच पाटी होती. मोठ्या लेन्सचे कॅमेरे फक्त पत्रकारांसाठी, बाकीच्यांनी गॅलरीत बसावं. सुलक्षणाच्या कॅमेऱ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. लोखंडी पाइप आणि फळ्यांच्या गॅलरीत बायकांच्या बाजूला, सहाव्या ओळीत ती बसली. मॅट तिथून बरीच लांब होती.

पहिल्या सामन्याचे फोटो फुकट गेले. नळी पूर्ण बाहेर काढली की हात जरासा हलला तरी चित्र पुसल्यासारखं यायचं. शिवाय हा कॅमेरा सुस्त होता. बटण दाबल्यावर तो क्षणभर विचार करायचा आणि मग फोटो काढायचा. तोवर गौतमी परत आपल्या अंगणात पोचलेली असायची. पंधरा-वीस फोटोंत नुसती रिकामी मॅट आणि कोपऱ्यात कुणाचा तरी पाय.

मग तिनं कोपरं बरगड्यांशी घट्ट धरली, मनगट पुढच्या पाइपावर टेकवलं. बटण अर्धं दाबून कॅमेऱ्याची नजर आधीच बसवून ठेवायची. आणि घडताना दिसल्यावर दाबायचं नाही, घडायच्या आधी दाबायचं. हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. समोरच्या पोरींची साखळी कधी आवळणार, कोपऱ्यातली पोरगी कधी झेप घेणार, हे तिच्या पोटऱ्यांना अजून कळत होतं.

दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात गौतमी तीन वेळा पकडली गेली. तिन्ही वेळा सुलक्षणाचं बोट वेळेवर पडलं. घोटा धरलेली गौतमी. मॅटवर गाल घासलेली गौतमी. चार जणींच्या खाली, नुसता हात बाहेर आलेली गौतमी. छोट्या पडद्यावर ते फोटो मोठे करून बघताना सुलक्षणाला बरं वाटलं. ते किती बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर तिनं इकडंतिकडं बघितलं, आणि मग पुन्हा फोटो बघितले.

त्याच सामन्यात गौतमीनं एक उडी मारली होती. मध्ये आडवी आलेली पोरगी खाली वाकली आणि गौतमी तिच्या पाठीवरून गेली. पाय पोटाशी, हात पसरलेले, वेणी वर उडालेली. तोही फोटो आला होता. असा, की पत्रकारांच्या मोठ्या कॅमेऱ्यांतही आला नसेल. सुलक्षणानं तो खोडायला घेतला. नक्की खोडायचा का, असं कॅमेऱ्यानं विचारलं. तिनं नाही म्हटलं.

संध्याकाळी घरी तिच्या नवऱ्यानं, शेखरनं कॅमेरा टीव्हीला जोडला. उडीचा फोटो आणि आणखी दोन-तीन चांगले फोटो सुलक्षणानं आधीच कार्डातल्या वेगळ्या कप्प्यात टाकले होते. टीव्हीभर एकामागून एक पडलेली गौतमी आली. चंद्राबाई पुटपुटल्या, "दिष्ट लागली पोरीला." हैबतराव बराच वेळ बघत राहिले.

"येवढंच? चांगलं येकबी न्हाई?"

"कॅमेरा बारका हाय मामा. उशिरा निघतो फोटो. ती पळत असली की सापडत न्हाई, पडली की सापडती."

कुणाला खोटं वाटलं नाही. गौतमी मात्र टीव्हीजवळ गेली आणि एक फोटो पुन्हा मागं घ्यायला लावून बघत उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी उपांत्य सामना गौतमीच्या संघानं जिंकला. गौतमी दोन वेळा पकडली गेली आणि दोन्ही फोटो सुलक्षणाकडे आले. घरी आल्यावर सुलक्षणा वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. परतली तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्याशी गौतमी उभी होती. हातात कॅमेरा.

"ताई, ह्या दुसऱ्या कप्प्यात पन फोटो हायेत," गौतमी म्हणाली.

सुलक्षणानं हातातले कपडे खुर्चीवर टाकले. "असतील."

"ही उडी माजी हाय."

"व्हय."

सुलक्षणा पुढचं ऐकायला अंग आवळून उभी राहिली. मामांना सांगणार, सासूबाईंना सांगणार, घरात चार दिवस तोंडं वाकडी होणार. पण गौतमीनं उडीचा फोटो मागं टाकला आणि पकडीचा काढला. मग दुसरा, तिसरा. पाचही पकडी.

"मी कालपास्नं इचार करतीये. हितं बगा. ती पोरगी माज्या घोट्याला आत्ता कुटं हात घालतीये. मी अजून पडलेपन न्हाई. अन् फोटो तर निगालाय. तुमी म्हनता कॅमेरा उशिरा काढतो." तिनं मान वर केली. "म्हंजे तुमी बटन त्याच्याबी आधी दाबलंय. मी पकडली जानार हे तुमाला माज्या आधी कळत व्हतं."

सुलक्षणा खुर्चीवरच्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

"पाची येळा कळत व्हतं, ताई."

"व्हय. कळत व्हतं."

"मग मला सांगितलं का न्हाई?"

"सांगायचं नव्हतं म्हनून."

गौतमीनं कॅमेरा ओट्यावर ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. "उद्या फायनल हाय," एवढंच म्हणून ती आपल्या खोलीत गेली.

अंतिम सामन्याला गॅलरी भरली होती. हैबतराव पुरुषांच्या बाजूला, सगळ्यात खालच्या ओळीत. समोरचा संघ हिंजवडीकडचा. त्यांच्या उजव्या कोपऱ्यात एक बुटकी, रुंद खांद्यांची पोरगी होती. पहिल्या डावात गौतमी तीन चढायांना गेली आणि तिन्ही वेळा त्या बुटकीनं तिचा घोटा धरला. हैबतरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सुलक्षणाकडे तिन्ही फोटो आले. तिला आतून गारेगार वाटत होतं. ते बघा तुमची लाडकी, असं तिला सासऱ्यांच्या पाठीला सांगावंसं वाटत होतं.

मग तिनं तिसरा फोटो मोठा केला आणि तिचं डोकं फिरलं. त्या बुटकीची पकड अगदी कच्ची होती. दोन्ही गुडघे टेकलेले, तोल पुढे गेलेला, मान खाली. अशा पोरीला तर नुसती हूल देऊन बाहेर बसवता आलं असतं. आणि गौतमी, रोज चार अंडी खाऊन, स्कूटरवर बसून सरावाला जाऊन, असल्या पकडीत तीन तीनदा सापडत होती. सुलक्षणाला ते बघवेना. गौतमीची दया आली म्हणून नव्हे. खेळ इतका वाईट खेळला जातोय, हे तिला सहन होईना.

मध्यंतर झालं. गौतमीचा संघ आठ गुणांनी मागे. सुलक्षणा लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत खाली उतरली आणि बांबूच्या कुंपणाशी जाऊन तिनं हाक मारली. गौतमी पाण्याची बाटली हातात धरून आली. चेहरा दगडासारखा.

"हे बघ." सुलक्षणानं कॅमेरा तिच्यासमोर धरला. "वळायच्या आधी तू डावा खांदा टाकतीस. हरेक येळी. ती पोरगी तुजा पाय बघतच न्हाई, खांदा बघती. खांदा पडला की डोळं झाकून झेपावती."

गौतमीनं तिन्ही फोटो बघितले. "मग खांदा टाकायचा न्हाई?"

"टाकायचा. पन वळायचं न्हाई. ती पुढं पडंल, तिच्या पाठीला हात लाव अन् तशीच मधल्या रेघेकडं नीघ."

"अन् ती न्हाई पडली तर?"

"पडंल. मान खाली घालून येती ती. मी असते तर कवाच बाहेर काढली असती तिला."

गौतमीनं तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि शिट्टी वाजली तशी ती मॅटवर पळाली. सुलक्षणा परत वर आपल्या जागेवर जाऊन बसली.

पहिल्याच चढाईत तिनं डावा खांदा टाकला. बुटकी झेपावली आणि रिकाम्या मॅटवर आपटली. गौतमीनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि परत आली. पुढच्या वेळी बुटकी बिचकली, झेपावली नाही, तेव्हा गौतमी खरोखरची वळली. आता त्या पोरीला काय करावं तेच कळेना. आठाचे पाच झाले, पाचाचे दोन. शेवटच्या मिनिटात गौतमीनं एका चढाईत तिघींना टिपलं आणि संघ एका गुणानं जिंकला.

ते तिघींचे तीन स्पर्श सुलक्षणाच्या कॅमेऱ्यात आले. पोरींनी गौतमीला खांद्यावर उचललं. हैबतराव या वयात कुंपण ओलांडून आत गेले आणि त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. वर गॅलरीत सुलक्षणा फळीवर बसून राहिली. शहाणपण तिचं होतं. खांद्यावर दुसरी होती.

दोन दिवसांनी फोटो छापून आले; लपवलेला उडीचा फोटोही सुलक्षणानंच छापायला दिला होता. हैबतरावांनी बाहेरच्या खोलीत तीन फोटो लावले, मधोमध उडीचा. चहा घेत ते त्याच्याकडे बघत बसले होते.

"फोटो चांगलं काढलंस," ते म्हणाले. "काय खेळती पोर."

सुलक्षणा बशी उचलायला वाकली होती, ती सरळ उभी राहिली. "मामा, मीबी खेळायची."

"म्हाईत हाय की."

"म्हाईत हाय, पन तुमी कवा बघितलं न्हाई. बघायला आला न्हाईत अन् खेळू दिलं न्हाईत. आता हिला तुमी सोताच्या गाडीवरनं नेता. मला ते रोज दिसतं. मी तिची अंडी सोलती."

हैबतरावांनी कप खाली ठेवला. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "तवा गावात कुनाचीच सून खेळत नव्हती."

"कुनीतरी पयली असती."

"व्हय," ते म्हणाले. मग म्हणाले, "चुकलं ते." तिच्याकडे न बघता, भिंतीकडे बघत म्हणाले. तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आत काहीतरी सैल होईल. तसं फारसं काही झालं नाही. पण तिनं बशी तिथंच ठेवली. चंद्राबाईंनी येऊन उचलली.

पुढच्या सोमवारी सकाळी सुलक्षणानं सहाच्या आधीच अंडी उकडून ठेवली, पण दोनच; बाकीची दोन आल्यावर गौतमीनं स्वतः उकडावीत. गौतमी स्वयंपाकघरात आली तेव्हा पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून सुलक्षणा दाराशी बसली होती.

"कुटं निगालाय, ताई?"

"तुज्यासंगं. उजवीकडनं मारताना तुजा हात खांद्याच्या वर जातो. तिथं उभं राहून सांगितल्याबिगर सुधरायचा न्हाई."

गौतमी बुटाची नाडी बांधायला खाली बसली. नाडीकडे बघतच तिनं विचारलं, "माजा राग येतो का तुमाला अजून?"

"येतो."

"लई?"

"लई. तू चांगली खेळलीस की जास्त येतो."

गौतमीनं दुसरी नाडी बांधली, गाठ ओढून बघितली. "मग आज लई येनार," ती म्हणाली आणि स्कूटरची किल्ली आणायला हैबतरावांच्या खोलीकडे गेली.