अमृतच्या ओळी

फाईल उघडली तसा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा असलम हरखला. पडद्यावर एकाखाली एक मेल दिसत होते. तारखा जागच्या जागी, आणि प्रत्येकापुढे इंग्रजीत पाठवणाऱ्याचं नाव: अमृत सुकदेव पाटील. त्यानं पहिला मेल उघडला. पानभर नुसती प्रश्नचिन्हं. दुसरा उघडला, मग शेवटून एक. सगळीकडे तेच.

समोरच्या स्टुलावर सुकदेव आबा बसले होते. शिरपूरजवळच्या खेड्यातून ते सकाळच्या एसटीनं धुळ्याला आले होते, चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन. मुलगा अमृत मस्कतला एका कंपनीत होता. तिथून आबांना मराठीत लांबलचक मेल लिहायचा. मेल वाचायला आबांना त्यानंच शिकवलं होतं. मग तिकडच्या रस्त्यावर त्याच्या गाडीला अपघात झाला आणि तो गेला. कंपनीनं त्याचं खातं बंद केलं. उरले ते या डब्यात उतरवून ठेवलेले मेल. गावची वीज सारखी ये-जा करायची, त्यातच ती फाईल बिघडली.

असलमनं मूळ फाईलची पुन्हा नक्कल काढली, दुसरं सॉफ्टवेअर चालवलं. दुपार झाली तरी फरक नाही. आकडे शाबूत होते, इंग्रजी अक्षरं शाबूत होती, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा होते तिथेच होते. फक्त मराठी अक्षरं गेली होती. परिच्छेद कुठे संपतो, कुठे तो थांबला, कुठे एका दमात लिहीत गेला, सगळं कळत होतं. काचेपलीकडे माणूस बोलतोय आणि नुसते ओठ हलताना दिसताहेत, तसं असलमला झालं.

शोधता शोधता थोडे मेल असे सापडले, की जे वाचता येत होते. ते इंग्रजी अक्षरांत टाइप केलेले होते. असलमनं पडदा आबांकडे वळवला. आबा एकेक अक्षर लावत वाचू लागले.

“आबा, काममा शे. नंतर लिखस.”

पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही.

“धावपळमा ऱ्हाये तवय असं लिखे तो,” आबा म्हणाले. “निवांत ऱ्हाये तवय मराठी अक्षरमा.”

म्हणजे निवांत लिहिलेलं सगळं गेलं होतं आणि घाईतलं तेवढं उरलं होतं. जळगावला शिकणाऱ्या आपल्या मुलीला, रूहीला, असलमनं उगाचच फोन लावला. ती क्लासमध्ये होती, नंतर करते म्हणाली. बोलणं संपल्यावरही फोन बराच वेळ त्याच्या हातातच राहिला.

“बठ्ठं छापी दे, भाऊ,” पडद्यावरच्या सगळ्या मेलांवरून बोट फिरवत आबा म्हणाले.

“आबा, त्यात वाचण्यासारखं काही नाही.”

“माले माहीत शे.”

मग त्यांनी सावकाश सांगितलं. भागाबाई, त्यांची बायको, लकव्यानं अंथरुणाला खिळली होती. नजरही अधू झाली होती. अमृत गेल्याचं तिला कधी आठवायचं, कधी नाही. पण संध्याकाळ झाली की त्याचं काय आलंय ते वाचा म्हणायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण मशीन बंद पडल्यापासून आबा समोर काही नसताना नुसतं तोंडपाठ सांगतात, हे मात्र तिला बरोबर कळायचं.

“समोर लिखेल नही ते तोंड फिराई लेस ती.”

असलमनं प्रिंटरमध्ये कागद भरले. पानामागून पान प्रश्नचिन्हं बाहेर पडत राहिली. आबांनी गठ्ठा चादरीत बांधला आणि डबा दुरुस्तीला तिथेच ठेवून ते एसटी स्टँडकडे निघाले.

पुढच्या आठवड्यात शिरपूरला काम निघालं, तेव्हा डबा पोचवायला असलम त्यांच्या घरी गेला. दिवस कलला होता. ओसरीत बाजेवर भागाबाई पडल्या होत्या. आबा उशाशी बसून वाचत होते. चष्मा लावलेला, बोट कागदावर. असलमला त्यांनी नजरेनंच बस म्हटलं. मस्कतला फार गरम होतं, मेसचा स्वयंपाकी केरळचा होता, त्यानं भाकरी करून बघितली पण जमली नाही, असं बरंच काही होतं त्यात. आबांचा आवाज एकसारखा चालला होता. ओळ संपली की बोट खालच्या ओळीवर यायचं.

“थांबा,” भागाबाई म्हणाल्या. “एक ओळ सोडी दिनी तुम्हीन. आंबाना झाडबद्दल लिखेल शे ना त्यानी?”

आबा थांबले. त्यांनी कागद उजेडाकडे धरला. बोट मागे नेलं, एक ओळ, मग आणखी एक, आणि प्रश्नचिन्हांच्या मधे एका जागी टेकवलं.

“हाई, आठे शे,” ते म्हणाले. आणि घसा साफ करून त्यांनी ती ओळ वाचली.