आत बघणारा चेहरा

“तरुणांसाठी म्हणे. पिवळ्यावर पांढरी अक्षरं, आणि तीही मुंगीच्या पायाएवढी. तरुणांना काय चार डोळे असतात?”

अनुस्वारकाका हे कोणाला उद्देशून म्हणाले नव्हते. पण त्यांची खुर्ची आणि ताईची खुर्ची पाठीला पाठ लावून होत्या, इतक्या की काका शिंकले की ताईच्या पडद्यावरचा बाण दोन ओळी खाली सरकायचा. त्यामुळे ते स्वतःशी पुटपुटले तरी तक्रार तिच्याकडेच दाखल व्हायची. काका मुद्रितं तपासायचे, ताई पानं मांडायची. बावीस वर्षांत दोघांचं निम्मं बोलणं असं आपापल्या भिंतीकडे तोंड करूनच झालं होतं.

“मी मोठी केली होती काका अक्षरं,” ताई भिंतीला म्हणाली. “भाचेसाहेबांनी लहान करायला लावली. म्हणाले, सहज वाचता आलं की म्हातारं दिसतं.”

“असं म्हणाले?”

“शब्दशः.”

काकांनी खणातून भिंग काढलं, शर्टाच्या टोकाने पुसलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

भाचेसाहेब म्हणजे मालकांचे भाचे. वय अडतीस, बुटांवरून पाहिलं तर अठरा. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत या कचेरीतून संगीताचं एक गंभीर, करड्या रंगाचं मासिक निघायचं. त्याचे वर्गणीदार दरवर्षी कमी होत होते. नाराज होऊन सोडून जात होते असं नाही. नुसतेच जात होते. दर महिन्याला दोन-चार अंक परत यायचे, पाकिटावर घरच्यांच्या हस्ताक्षरात एक ओळ लिहिलेली. ताई ती पाकिटं वेगळी ठेवायची. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

तर भाचेसाहेबांनी ठरवलं, की आता तरुणांसाठी मासिक काढायचं. कल्पना चांगलीच होती. अडचण एवढीच, की कचेरीत सगळ्यात तरुण कोण, तर कॉफीचं मशीन. त्यावर उपाय म्हणून भाचेसाहेबांनी एका हसऱ्या मुलीचा फोटो मोठा छापून आणला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि बैठकीच्या खोलीत एका खुर्चीवर बसवून टाकला.

“ही आपली वाचक,” ते म्हणाले. “वय सतरा. प्रत्येक निर्णय घेताना हिच्याकडे बघायचं आणि विचारायचं, हिला आवडेल का?”

त्या दिवसापासून चार शहाणीसुरती माणसं एका पुठ्ठ्याचं मन राखू लागली. “हा निळा हिला नाही चालायचा,” असं संपादक, ज्यांना घरी स्वतःच्या बायकोला कुठला रंग चालतो हे अद्याप कळलं नव्हतं, ते ठामपणे सांगायचे. पुठ्ठ्याची मुलगी सगळ्यालाच हसायची. तिचा स्वभाव फार चांगला होता.

ताईच्या घरीही एक सतरा वर्षांची होती. तिला आवडेल का, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ताईच्याही आलं नाही, असं ती स्वतःला सांगायची. खरं म्हणजे आलं होतं, पण लेकीच्या कानात सदा गाणी ऐकायची बोंडं असत आणि विचारायचं म्हणजे आधी ती काढायला लावायची. पूर्वी लेक त्यातलं एक स्वतःहून आईच्या कानात घालायची. “हे ऐक,” म्हणायची. ताई कांदा चिरताचिरता “हं, छान आहे,” म्हणायची. असं चार-पाच वेळा झाल्यावर लेकीने घालणं बंद केलं. भांडण वगैरे काही नाही.

मालकांनी भाच्याला एकच संधी दिली होती. शुक्रवारी अकराला ते येणार, नमुन्याचा अंक बघणार. मागच्या बाजूला त्यांची सही झाली, की अंक छापखान्यात. नाही झाली, तर मासिकाचा विभागच बंद. संपादक आणि काका निवृत्तीला टेकलेलेच होते, भाचेसाहेब कुठेही भाचे राहिले असते. प्रश्न होता तो ताईचा. तिची जागा तळमजल्यावर ठरूनही ठेवली होती: फरश्यांच्या कॅटलॉगला. तिथे ती एकदा चक्कर मारून आली होती. पानावर बारा चौकोन, चौकोनाखाली क्रमांक. पुढच्या पानावर पुन्हा बारा. निवृत्तीला आठ वर्षं होती, तिने मनातल्या मनात चौकोन मोजून पाहिले आणि जिना चढून वर आली.

म्हणून मुखपृष्ठावर तिने जीव ओतला. मुखपृष्ठावर गिटार घेतलेली एक पोरगी होती, या वर्षी सगळीकडे जिचं नाव चाललं होतं ती. फोटो झकास होता. फक्त मुलगी बसवायची होती डावीकडे, मथळे यायचे होते उजवीकडे, आणि ती बघत होती नेमकी उलट्या बाजूला, जसं काही मथळे वाचून झालेत आणि पटलेले नाहीत. आता ताईला कोणी शिकवलं नव्हतं. तिने जे उचललं ते पाहून पाहून. त्यातला पहिला धडा हा, की चेहरा नेहमी पानाच्या आत बघणारा हवा. बाहेर बघणारा चेहरा वाचकालाही हाताला धरून बाहेर नेतो.

तिने फोटो आडवा उलटवला, आरशात दिसेल तसा. एक क्लिक. उलटवताना काय तपासायचं याची तिची यादी पक्की होती: मनगटावर घड्याळ नाही ना, शर्टाची बटणं चुकीच्या बाजूला गेली नाहीत ना, मागे एखादी पाटी नाही ना. घड्याळ नव्हतं, बटणं नव्हती, मागे नुसती भिंत. गिटार यादीत नव्हती. जुन्या मासिकाच्या मुखपृष्ठावर बहुतेक गवई असत, डोळे मिटून, दोन्ही हात पसरून. कसेही उलटवा, सारखेच.

मुलगी आत बघू लागली आणि पान जागेवर बसलं. भाचेसाहेब म्हणाले, “कडक.” संपादकांनी त्या पानाचा एक छापा मागून घेतला आणि तो समोर ठेवून मुख्य लेख लिहिला, दोन पानी. “तिचा उजवा हात तारांवरून फिरतो,” अशी त्याची सुरुवात होती, “तेव्हा एका पिढीची घालमेल बोलू लागते.” काकांनी तो तीनदा वाचून त्यातले अकरा अनुस्वार दुरुस्त केले.

नव्या गाण्यांच्या परीक्षणाचं पान त्याहून सुरेख होतं. परीक्षणं यायची होती, म्हणून ताईने जागा धरायला तारे टाकून ठेवले होते. अरुंद रकान्यात तीन, रुंद रकान्यात पाच. परीक्षणं आली ती ताऱ्यांच्या मापाने लिहून आली. ज्याला पाच तारे, त्याचं कौतुक. ज्याला तीन, त्याला मोलाचा सल्ला. “समतोल मस्त साधलाय,” भाचेसाहेब म्हणाले. तारे नुसते जागेपुरते होते हे सांगण्याऐवजी ताईने पुढचं पान उघडलं. समतोल तर होताच.

गुरुवारी संध्याकाळी तिने नमुन्याचा अंक पिशवीत घालून घरी नेला. लेक जेवत होती. ताईने अंक ताटाशेजारी ठेवला, पाण्याचा पेला लांब सरकवला.

“हे काय?”

“बघ नुसतं. उद्या दाखवायचाय.”

लेकीने एक बोंड काढलं. एकच. डाव्या हाताच्या एका बोटाने पानं उलटली. पुठ्ठ्याच्या मुलीचा फोटो आत एका जाहिरातीत वापरला होता, तिथे थांबली.

“हिला दात किती आहेत गं?”

“ते जाऊ दे. बाकीचं बघ.”

“अक्षरं दिसत नाहीत.”

“ते भाचेसाहेब...”

लेकीने अंक मिटला तेव्हा मुखपृष्ठ वर आलं. ती घास चावायची थांबली. “ही उजव्या हाताने कधीपासून वाजवायला लागली?”

“म्हणजे?”

“आई, ती डावखुरी आहे. लहानपणी घरात भावाची गिटार होती, तीच तिने उलटी धरली. तारा बदलायचं कळतच नव्हतं, तशीच वाजवत राहिली. म्हणून बघ, जाड तारा खाली आहेत. म्हणून तर तिचा आवाज तसा येतो, जाड तारेवरून वर ओढल्यासारखा. सगळे त्याच्यासाठीच ऐकतात तिला.” लेकीने बोट गिटारीवर टेकवलं. “ही अशी गिटार तर जगात कोणीच वाजवत नाही. हात उजवा आणि तारा उलट्या. कोणाच्या लक्षात नाही आलं?”

“घाई होती.”

“एकाच्याही?”

ताईने आमटीचं भांडं उगाच जागचं हलवलं.

“तू ऐकलंयस ना तिचं?” लेकीने विचारलं. कुत्सितपणे नाही. अगदी सरळ, थोडं आशेनेसुद्धा.

“ऐकलंय की.”

“कुठलं?”

“ते... नवीन आहे ना, ते.”

लेकीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग बोंड परत कानात घातलं आणि उरलेला भात संपवला.

शुक्रवारी ताई सगळ्यांच्या आधी कचेरीत पोचली. फोटो सरळ केला, मुखपृष्ठ पुन्हा छापलं आणि अंकाला लावलं. मुलगी डावखुरी झाली, पण पुन्हा बाहेर बघू लागली, थेट दाराकडे. ताईला ते पाहून दात शिवशिवल्यासारखं झालं.

भाचेसाहेबांना कळायला अर्धं मिनिटही लागलं नाही. “ही बाहेर का बघतेय? काल आत बघत होती.”

“फोटो मी उलटवला होता,” ताई म्हणाली. “ती डावखुरी आहे. सरळ केला.”

सगळ्यांनी मुखपृष्ठाकडे पाहिलं. मग एकदम कोणालाच आश्चर्य वाटलं नाही.

“हो, डावखुरी आहेच ती,” भाचेसाहेब म्हणाले.

“प्रसिद्धच आहे,” संपादक म्हणाले. “मला काल ते खटकलंच होतं. म्हटलं, मांडणीचा काही विचार असेल, आपण कशाला बोला.” असं म्हणत त्यांनी दोन पानी लेख हळूच पालथा घातला.

“लेखात उजवा हात आहे,” काका म्हणाले.

“तो प्रतीकात्मक आहे.”

“बरं,” म्हणून काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

ठीक अकराला मालक आले. हातात काठी, दोन्ही कानांत ऐकण्याची यंत्रं. त्यांना खुर्ची हवी होती, म्हणून भाचेसाहेबांनी वाचकबाईंना उचलून भिंतीला टेकवलं. मालकांनी अंक सावकाश, पान पान करून पाहिला. छपाई, कागद, रंग सगळ्यावरून बोट फिरवलं. मुखपृष्ठापाशी परत आले.

“छान दिसतंय,” ते ताईला म्हणाले. “ही बाहेर बघते ते मला आवडलं. कोणीतरी हाक मारल्यासारखी वाटते.”

फरश्या, बारा-बारा चौकोन, तळमजल्याचा तो थंड उजेड सगळं एका वाक्यात मागे सरलं. मालकांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, अंक पालथा केला. सहीच्या जागी पेन टेकवलंसुद्धा, आणि मग उचललं.

“मला हल्ली गाणं नीट ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “यंत्रातून नुसतं खरखरतं. म्हणून विचारतो. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, तर सांगा मला. कसं आहे हिचं गाणं?”

“एकदम फ्रेश आहे मामा,” भाचेसाहेब म्हणाले. “ताकद आहे.”

“म्हणजे आवाज मोठा आहे?”

“मोठा, म्हणजे... मोठाही आहे, आणि तसा आतलाही.”

मालकांनी संपादकांकडे पाहिलं.

“तिच्या गाण्यात एका पिढीची घालमेल...”

“ते वाचलं मी आत्ता. गाणं कसं आहे?”

संपादकांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “लेखात चूक एकही नाही,” आणि मग, उजवा हात आठवून, खाली बघू लागले.

मालक चिडलेले नव्हते. ते वाट बघत होते. मान थोडी कललेली, यंत्र लावलेला कान पुढे केलेला. ज्याला खरंच ऐकायचं असतं तो माणूस बसतो तसे. पेन अजून उघडंच होतं. आता राहिली होती ताई, आणि ताईला उत्तर येत होतं. कालच फुकटात मिळालं होतं: जाड तारेवरून वर ओढल्यासारखा आवाज. एवढं वाक्य पुरलं असतं. ते म्हटलं असतं तर मालकांनी मान हलवली असती, सही झाली असती, आणि आठ वर्षं चेहरे आत वळवण्यात सुखाने गेली असती.

वाक्य तिच्या जिभेवर आलं. पण ते लेकीचं होतं. तिला लेकीचं ताट दिसलं, आणि कानात परत जाणारं ते बोंड.

“साहेब,” ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, म्हणून तिने तो खाली आणला आणि मालकांच्या कानाच्या उंचीला वाकली. “ते तारे मी जागा भरायला टाकलेत. हा लेख फोटो बघून लिहिलाय. हिचं गाणं आमच्यापैकी एकानेही ऐकलेलं नाही. मीसुद्धा नाही.”