वेंडेल चालायला जातो

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वेंडेल, रोज चालता म्हणता, मग साखर वाढतेच कशी? असंच राहिलं तर एक दिवस पाय गमावून बसाल."

"चालतो की हो, रोज सकाळी!" वेंडेल प्रुइट म्हणाला. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. घरातून तो निघायचा चालायलाच.

पण केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या गावात पायी चालणारा माणूस म्हणजे गाडी बंद पडलेला माणूस. त्याला पाहून न थांबणं म्हणजे माणुसकी सोडणं! टपालपेटीपर्यंतसुद्धा आम्ही गाडीने जातो आणि रविवारी चर्चमध्ये तब्येतीसाठी प्रार्थना करतो. वेंडेल पहिल्या वळणावर पोचला की कुणाची तरी पिकअप थांबायचीच. "बस रे, सोडतो घरी." हा मुकाट बसायचा. हवापाण्याच्या चार गोष्टी व्हायच्या, घर यायचं, गाडी निघून जायची. मग उरलेला दिवस खायला उठायचा. बायको, लोरेटा, जाऊन वर्ष झालं होतं. मक्याचा ब्रेड तो अजून दोघांपुरता भाजायचा आणि अर्धा वाळून जायचा.

कोळशाची रेल्वे बंद पडल्यावर गावाने रूळ काढून नदीकाठाने पायवाट केली होती. "तिथे काय, झाडांशी बोलायचं?" असं म्हणून वेंडेल तिकडे फिरकत नसे.

ती वाट जिथे डांबरी रस्त्याला भेटते, तिथे एकदा ओपलने त्याला गाठलं. ओपल स्टॅम्पर चर्चमध्ये पियानो वाजवते, वेंडेलपेक्षा वयाने मोठी, जिभेने तिखट.

"काय रे, कुणाच्या गाडीची वाट बघतोयस?"

"मी चालतोय, ओपल."

"चालतोयस? मान तर सारखी मागे वळतेय तुझी!"

"मग काय करू?" वेंडेल एकदम उसळला. "दिवसभरात तेवढंच कुणीतरी माझ्याशी बोलतं!"

बोलून गेला आणि स्वतःच ओशाळला. ओपलचा आवाज मऊ झाला. "अरे वेड्या, गाडीवाला तुला दारात सोडतो आणि सुटतो. या नदीकाठच्या वाटेवर कुणी सोडायला येत नाही, बरोबर चालतं. चल, माझे गुडघे बघून हळू चाल."

तो गेला. वाटेवरच्या पुलापर्यंत जाताना धाप लागली, पोटऱ्या भरून आल्या. पुलावर न्हावी ड्वाइट भेटला, त्यानेही टोमणा मारून घेतला. वेंडेल कुरकुरत का होईना, रोज त्या दोघांबरोबर जायला लागला.

एका सकाळी टाच सुजून बूट चढेना म्हणून तो घरीच राहिला. रस्त्यावरून पिकअप जातच होत्या. तो दिसला नाही, म्हणजे त्याची गाडी दुरुस्त झाली असणार! कुणाला दुसरं काही वाटायचं कारण नव्हतं. खिडकीशी बसून वेंडेलला वाटलं, आपण असेच संपलो तरी कुणाला कळायचं नाही.

दुपारी दार वाजलं. बाहेर ओपल आणि घामाघूम झालेला ड्वाइट. चढ पायी चढून आले होते.

"आज आला का नाहीस?" ओपल दारातूनच ओरडली. "पुलावर उभं राहून पाय मोडले आमचे!"

"माझ्यासाठी... थांबला होतात?"

लोरेटा गेल्यापासून प्रथमच कुणीतरी त्याची वाट पाहिली होती! दाराची चौकट धरून तो लहान मुलासारखा रडला.

ओपलचं लक्ष त्याच्या डागाळलेल्या मोज्याकडे गेलं, तिने तो काढायला लावला. टाचेला जखम होती, पू झालेला, आणि साखरेने पाय बधिर झाल्यामुळे त्याला ती जाणवलीही नव्हती. त्याला तसंच दवाखान्यात नेलं. आणखी थोडे दिवस गेले असते, तर पाय गेलाच असता.

जखम भरली, वेंडेल पुन्हा चालू लागला, हळूहळू साखरही उतरली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आता कसं जमतं रोज?"

"जावंच लागतं हो," तो म्हणाला, "पुलावर माणसं खोळंबतात."

मंडळी, शरीराला चाल हवी आणि चालणाऱ्याला सोबत. तुमच्या गावातही अशी एखादी वाट असेलच. उद्या गाडीची किल्ली खिळ्यालाच राहू द्या, आणि निघताना शेजारच्या एकट्या माणसाचं दार वाजवा.