मातीच्या चिप्स

टेबोनं पोकरच्या चिप्सची ॲल्युमिनियमची पेटी मुठीला धरून उचलली आणि लेलंडच्या कानशिलावर घातली. झाकण उघडंच होतं. लाल, निळ्या, हिरव्या चिप्स गॅरेजभर उधळल्या. काही गवत कापायच्या यंत्राखाली गेल्या, काही फरशीवरच्या तेलाच्या डागात जाऊन पालथ्या पडल्या. लेलंड खुर्चीसकट आडवा झाला. टेबोनं त्याला उठू दिलं नाही. त्याच्या छातीवर गुडघा रोवून त्यानं पुन्हा पेटी हाणली, पुन्हा हाणली, आणि तिचा कोपरा मुडपला तेव्हा ती बाजूला भिरकावून हातानं सुरुवात केली.

टेबलाशी आणखी तिघं बसले होते. फाँटनो बंधू दोघं आणि म्हातारे ओझेमकाका. कुणी उठलं नाही. थोरल्या फाँटनोनं आपले पत्ते पालथे घालून त्यांवर तळवा ठेवला, जणू डाव अजून संपायचाच होता.

"माझ्या घरात बसून," टेबो दर ठोशाला म्हणत होता. "माझं खाऊन."

नेल्डा स्वयंपाकघराच्या दारात गरम सॉसेजचं ताट घेऊन उभी होती. नवरा रागावला की कुठं उभं राहायचं हे तिला एवढ्या वर्षांत समजलं होतं, आणि ती तिथंच उभी होती. पण या वेळी कारण वेगळंच होतं.

झालं होतं ते असं. दर शनिवारी दुपारी टेबोच्या गॅरेजमध्ये पोकरचा डाव बसायचा. सगळे रिफायनरीतले वेल्डर, फिटर. ओझेमकाका तेवढे निवृत्त. पेटीत चिप्स एकूण किती हे टेबोला पाठ होतं. डाव मोडला की टेबलावरच्या आणि पेटीत उरलेल्या मिळून तो त्या मोजायचा, आणि हिशोब दर वेळी जुळायचा. त्या शनिवारी लाल चिप्स जास्त निघाल्या. चांगली मूठभर जास्त. आणि लालचा सगळ्यात उंच ढीग लेलंडपुढं होता, कारण त्या दुपारी त्याला पत्तेच तसे लागले होते. फाशावर असतात तशा ठिपक्यांची नक्षी असलेल्या त्या प्लास्टिकच्या चिप्स गावातल्या कुठल्याही दुकानात, वाढदिवसाच्या मेणबत्त्यांच्या शेजारी टांगलेल्या असायच्या. कुणीही विकत घ्याव्यात, खिशात घालून यावं. टेबोला याहून जास्त विचार करायची गरज वाटली नाही.

त्या चिप्स नेल्डानं आणल्या होत्या. मंगळवारी गॅरेज झाडताना तिच्या हातून पेटी पडली, थोड्या लाल चिप्स घरंगळत बाहेर उतारावर गेल्या आणि गाडी मागं घेताना तिनंच त्या चाकाखाली चिरडल्या. टेबोला कळायच्या आत तिनं दुकानातून लाल चिप्सचं नवं पाकीट आणलं. तुटल्या होत्या तेवढ्याच घालायच्या होत्या, पण तेवढ्यात त्याच्या ट्रकचा आवाज आला आणि तिनं पाकीट तसंच पेटीत रिकामं केलं.

पेटीचा दुसरा फटका बसला तेव्हाच हे सगळं तिच्या ध्यानात आलं. तिनं तोंड उघडलंही. मग तिसरा फटका बसला, आणि ते तसंच मिटलं.

फाँटनो बंधूंनी लेलंडला दोन्ही बाजूंनी धरून त्याच्या ट्रकपर्यंत नेलं. त्याच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक धार गळ्यावरून सदऱ्यात उतरत होती. टेबोनं स्वयंपाकघरात येऊन हात धुतले, सोललेल्या बोटांवर बर्फ लावून घेतला आणि उभ्याउभ्याच सॉसेज खाल्लं. मोहरीचा सॉस कुठाय, एवढंच त्यानं विचारलं.

लेलंडनं पोलिसात तक्रार केली नाही. तो कामावर परत आला तेव्हापासून फोरमन डावीकडून हाक मारायचा आणि तो वळून बघायचा नाही. हे टेबोनंच घरी हसत हसत सांगितलं.

कुणाला मारलं की टेबो थोडे दिवस भलता गोड वागायचा. हेही नेल्डाला ठाऊक होतं. आता त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं, दुकानात मिळणार नाहीत अशा चिप्स आणायच्या. त्यानं तीनचार कंपन्यांचे नमुने मागवले, आणि एका रविवारी सकाळी कॉफी घेऊन दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. लग्नाआधी नेल्डा तासाभराच्या अंतरावर, राज्याच्या सीमेपलीकडं, तळ्यातल्या कसिनोच्या बोटीवर पत्ते वाटायची. टेबोनं तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिथंच. लग्नानंतर त्यानं तिला पत्त्याला हात लावू दिला नव्हता. बायकोनं टेबलाशी बसलेलं त्याला खपत नसे. आज त्यानं स्वतःहून विचारलं.

त्यानं सगळ्यात जड चिप उचलून तळव्यावर तोलली आणि ही बेस आहे म्हणाला, हातात काहीतरी आहे असं वाटतं.

"आत लोखंडाची चकती आहे," नेल्डा म्हणाली. "वरून प्लास्टिक. वजन त्या लोखंडाचं."

तिनं तशा दोन चिप्स एकीवर एक सोडल्या. पत्र्याच्या डब्यात चमचा पडावा तसा आवाज आला. मग तिनं चिनी मातीची गुळगुळीत चिप दाखवली. तिच्यावर हवं ते चित्र छापता येतं, पण ढीग उंच रचला की घसरतो. शेवटी तिनं सगळ्यात हलकी, थोडी खरबरीत चिप घेतली. ही दाबून भाजलेल्या मातीची. कडेचे रंगीत पट्टे वरून रंगवलेले नव्हते, आरपार गेलेले होते, त्यामुळं हिची नक्कल करणं सोपं नाही.

"कान लाव," ती म्हणाली.

टेबोनं खरंच टेबलाशी कान नेला. तिनं अंगठ्यानं दोन ढीग एकमेकांत सरकवले. ओढ्याच्या तळाशी गोटे घासावेत तसा मऊ, भरीव आवाज आला. एवढ्या वर्षांनी बोटं ती हालचाल विसरली नव्हती. टेबो खूष होऊन हसला, पुन्हा कर म्हणाला, आणि तिनं पुन्हा केलं. ती सकाळ चांगली गेली. तेच तिला नंतर छळत राहिलं. त्या टेबलाशी ती तासभर सुखात होती.

त्यानं मातीच्या चिप्स नक्की केल्या आणि त्यांवर सोनेरी अक्षरांत आपलं नाव टाकायला सांगितलं.

चिप्स यायच्या त्या आठवड्यात टेबो म्हणाला, चौघांत डाव रंगत नाही. लेलंडला सांगून ये की मी झालं गेलं विसरलो. जाताना भांडंभर गम्बो ने त्याच्यासाठी, कोळंबी घालून दाट कर.

लेलंड कालव्याच्या काठी, चाकांवरच्या घरात एकटाच राहायचा. नेल्डा गेली तेव्हा तो पायरीवर बसून खेकड्यांच्या पिंजऱ्याची जाळी दुरुस्त करत होता. ती डावीकडून आली, म्हणून अगदी जवळ येईपर्यंत त्याला तिची चाहूल लागली नाही. दचकून त्यानं पक्कड उगारल्यासारखी धरली, मग ती आहे बघून खाली ठेवली. कानामागचे टाके निघाले होते, पण तिथं केस उगवले नव्हते.

गम्बोचं भांडं पायरीवर ठेवून तिनं टेबोचा निरोप सांगितला नाही. जे सांगायला आली होती तेच सांगितलं, एका दमात, त्याच्या धड कानाच्या बाजूला उभी राहून. पेटी पडली ते, गाडीचं चाक, लाल पाकीट. सांगून झाल्यावर तो उठेल, ओरडेल, निदान भांडं लाथाडेल, या तयारीनं ती थांबली.

लेलंडनं जाळीचा एक टाका घट्ट पिळला.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

नेल्डाला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही.

"त्या मंगळवारी दुकानात रांगेत मी तुझ्या मागंच होतो. तुझ्या हातात दूध आणि ते लाल पाकीट. हाक मारणार होतो, पण तू फार घाईत होतीस."

"मग बोलला का नाहीस?" तिचा आवाज फाटला. "तो एवढा मारत होता. एक शब्द बोलायचास."

कालव्यातून एक मासेमारीची बोट गेली आणि तिच्या लाटा काठाला लागून शांत होईपर्यंत लेलंड त्यांच्याकडं बघत राहिला.

"पेटी त्याच्या हातात होती, नेल्डा," तो म्हणाला. "आणि तू दारात उभी होतीस. माझ्यावरून उठून तो तुझ्याकडंच आला असता."

डावाला येणार नाही, असं त्यानं सांगितलं. गम्बो मात्र ठेवून घेतला.

शनिवारी चौघंच बसले. नव्या चिप्स सगळ्यांनी हातात घेऊन पाहिल्या, ओझेमकाकांनी तर एक नाकाशी नेऊन हुंगली. टेबो रंगात होता. पाचवा माणूस नाही तर नेल्डाच पत्ते वाटेल, असं त्यानं जाहीर केलं, आणि तिला आपल्या डाव्या हाताशी बसवलं. तिनं वाटले. पत्ते तिच्या बोटांतून सुटून ज्याच्या त्याच्या पुढ्यात अलगद जाऊन थांबत होते. धाकटा फाँटनो म्हणाला, वहिनी, हे कुठं लपवून ठेवलं होतं इतके दिवस. टेबोही हसला.

डाव मोडला तेव्हा त्यानं चिप्स मोजल्या. चोख भरल्या.

"बघा," तो खुर्चीत रेलून म्हणाला. "चोर गेला आणि हिशोब जुळला. आता त्या बहिऱ्याला डावाची हाक मारली तरी ऐकू यायची नाही."

धाकटा फाँटनो ओठातल्या ओठात हसला.

नेल्डानं पत्त्यांचा गठ्ठा नीट करून मधोमध ठेवला. बोटीवर असताना गिऱ्हाईक हरलं तरी जिंकलं तरी ज्या सपाट आवाजात बोलायचं शिकवलेलं असे, त्याच आवाजात ती म्हणाली, "लेलंड चोर नव्हता. त्या लाल चिप्स मी आणल्या होत्या."

मग का आणल्या, तेही तिनं सांगितलं. टेबो आधी हसला. थट्टा असावी असं त्याला वाटलं असेल. मग त्यानं एकेकाच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

त्यानं तिचं मनगट धरलं आणि पिळलं. ती आपोआप टेबलावर झुकली, तसं त्यानं दुसऱ्या हातानं तिची मान दाबून तोंड चिप्सच्या ढिगात घातलं. तिचा ओठ फुटला. तिला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि गालाखाली सरकणाऱ्या चिप्स.

"बस कर, पोरा."

ओझेमकाका उठले होते. त्यांना उभं राहायलाच वेळ लागायचा. टेबलाचा आधार घेत ते टेबोपर्यंत आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. टेबोनं वळूनही न बघता कोपर मागं हाणलं. म्हाताऱ्याच्या नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ते मागं कोलमडले आणि अवजारांच्या फळीवर आपटून खाली बसले. हनुवटीवरून रक्त त्यांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडू लागलं.

तेव्हा थोरला फाँटनो उठला. त्यानं टेबोच्या गळ्याभोवती मागून हात घातला आणि त्याला खेचलं. टेबल उलटलं. टेबोनं त्याच्या हाताचा चावा घेतला, पकड सुटली, तसा धाकट्यानं खुर्ची उचलून टेबोच्या गुडघ्यावर घातली. तो पडला. पडल्यावरही दोघं थांबले नाहीत. इतक्या शनिवारांचं काय काय त्यांच्या मुठीत साठलं होतं कोण जाणे. ते मारत राहिले, काही न बोलता, धापा टाकत, आणि टेबो आधी शिव्या देत होता, मग नुसताच हात डोक्यावर घेऊन पडून राहिला.

नेल्डानं त्यांना थांबवलं. दयेनं नव्हे. एवढं पुरे, असं ती म्हणाली, आणि ते थांबले. मग तिनं खिळ्यावरची गाडीची किल्ली घेतली, ओझेमकाकांना टॉवेल दिला आणि काखेत हात घालून उठवलं.

रस्ता सगळा उन्हानं पांढरा पडला होता. गाडीत तिच्या शेजारी काका डोकं मागं टेकून बसले होते. रिफायनरीच्या टाक्या मागं पडल्यावर ते टॉवेलातून म्हणाले, "आज मला पत्ते बरे लागत होते."

नेल्डाला हसू आलं, आणि फुटलेला ओठ आणखी फाटला.

इस्पितळात नर्सनं त्यांना पडद्याआड नेलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

"पायरी चुकली," ओझेमकाका म्हणाले.

"नाही," नेल्डा म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं मारलं."

तिनं त्याचं पूर्ण नाव सांगितलं, अक्षरं सुटी करून, सावकाश. काकांनी डोळे मिटून घेतले. नर्सनं ते लिहिलं, त्यांच्या नाकाशी बर्फ धरायला दिला, आणि मग तिची नजर नेल्डाच्या ओठावर आणि सुजत चाललेल्या मनगटावर गेली. तिनं कोपऱ्यातली खुर्ची पुढं ओढली.

"आता तुमचं सांगा."

नेल्डा बसली. दुखरा हात तिनं मांडीवर ठेवला.

"आजचं सांगू," तिनं विचारलं, "की पहिल्यापासून?"