चौकोनाबाहेरचा वारा

हवामानखात्यात त्या नणंद-भावजय एकाच टेबलाशी बसत, आणि त्यांचं बिनसलं ते गार वाऱ्यावरून. नातेवाइकांना हे अजून पटलेलं नाही. दागिन्यांवरून असेल, सासूबाईंचं काही असेल, असे सगळे तर्क लढवून झाले. वाऱ्यावरून कोण भांडतं, म्हणतात. आता त्यांना काय समजावणार?

खरं म्हणजे आधी त्या मैत्रिणी होत्या. एकाच वर्षी नोकरीला लागल्या आणि एकमेकींच्या डब्यातलं खाऊ लागल्या. मग एका रविवारी एकीनं दुसरीला घरी चहाला नेलं, तिथं दार उघडलं ते तिच्या थोरल्या भावानं, आणि पुढचं सांगायला नकोच. लग्नानंतर दोघी ऑफिसात थट्टेनं 'वहिनी' आणि 'वन्सं' अशा हाका मारू लागल्या. सगळ्या मजल्यानं तीच नावं उचलली. साहेबसुद्धा कागदावर 'वन्संना दाखवा' असा शेरा मारायचे.

काय दिवस होते ते! संगणकाची खोली अशी गारठलेली असायची की भर उन्हाळ्यात दोघींचे स्वेटर दारामागच्या खुंटीवर लटकत. छापून आलेला लांबच लांब कागद वन्सं जमिनीवर पसरायची, चपला काढून त्यावर रांगायची आणि रंगीत पेन्सिलीनं ढग भरत बसायची. वहिनी तिच्या डोक्यावरून आकडे वाचायची. एखादा आकडा चुकला की दोघी इतक्या हसत, की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडायची.

संगणकावर हवामानाचा अंदाज काढणारं त्यांचं मॉडेल म्हणजे सगळ्या मुलखावर आखलेले चौकोन. एकेक चौकोन एवढा ऐसपैस, की त्यात आख्खं शहर मावावं आणि वर दोन टेकड्या. गडगडाटी वादळ त्याहून लहान, त्यामुळे ते मॉडेलला दिसायचंच नाही. मग त्याला अंदाजानं सांगावं लागे: बाबा रे, हवा इतकी तापली आणि ओल इतकी साठली, की इथं वादळ झालं असं समज आणि एवढा पाऊस पाड. सगळा कारभार ऐकीव माहितीवर.

पावसानं गार झालेली हवा ढगातून खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. सरीच्या आधी दारं आपटत येतो, तो हाच वारा. वन्संनी त्याचं नाव 'पुढारी' ठेवलं होतं. पुढे पुढे धावतो, धुरळा उडवतो, आणि मागून काही येईलच याची खात्री नाही. पण खऱ्या हवेतला पुढारी कुठच्या कुठे जातो, वाटेतल्या गरम हवेला वर ढकलतो आणि लांबवर नवं वादळ उभं करतो. मॉडेलमधला मात्र आपल्या चौकोनाबाहेर पाऊल टाकायचा नाही. शेजारच्या चौकोनाला त्याचा पत्ताच नसे.

वन्संनी दोन वर्षं राबून या पुढाऱ्याला चौकोनाच्या कुंपणापलीकडे नेणारा मॉडेलचा भाग लिहिला. रोजचा अंदाज वेळेवर बाहेर काढणं हे वहिनीचं काम. वन्संचा भाग जोडला, की एका वादळाची दोन व्हायची, दोनाची चार, आकडे हाताबाहेर जायचे आणि मॉडेल मध्येच मान टाकायचं. पुन्हा पुन्हा असं झाल्यावर वरून बोलणी बसली. वन्सं रजेवर होती. वहिनीनं तो भाग वगळून टाकला. ती आली की सांगू, असं म्हणाली खरी, पण ते राहून गेलं. वन्संनी परत आल्यावर स्वतःच पाहिलं. महिन्याभरात दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली.

त्याला चौदा वर्षं झाली. लग्नाकार्यात भेटायच्या, शेजारी बसायच्या. पण आता वन्सं तिला 'तुम्ही' म्हणायची. यंदा उकाडा जास्तच, नाही का, असं एकीनं म्हणायचं, आणि दुसरीनं हो ना म्हणायचं. हवामानातल्या दोन पंडिता, आणि उरलं काय, तर हवापाण्याच्या गप्पा! वहिनीचा नवरा म्हणायचा, तुमच्या दोघींमध्ये बसलं की मलाच सर्दी होते.

यंदा जुनं मॉडेल कायमचं बंद करायचं ठरलं. ज्यानं जो भाग लिहिला त्याच्यासमोर तो पुसायचा, असा खात्याचा दंडक. म्हणजे वन्संना यावं लागणार होतं. वहिनी लवकरच निवृत्त व्हायची होती. दोघींना पुन्हा एका टेबलाशी बसवील असं निमित्त यानंतर उरणार नव्हतं. वन्संनी एकदा तरी आपल्याशी मन मोकळं करून बोलावं, एवढंच तिला हवं होतं. काय बोलायचं ते ती आठवडाभर घोकत होती.

वन्सं आली. केस पांढरे झालेले, चालणं तेच. गारठ्याच्या खोलीत तिनं डोकावून पाहिलं. तिथं आता मोडक्या खुर्च्या रचल्या होत्या, खुंटीही कुणी काढून नेली होती. वन्सं उंबऱ्याशी जरा वेळ उभी राहिली.

विभागाच्या तरुण प्रमुखबाईंनी त्यांना नवं मॉडेल दाखवलं. त्याचे चौकोन एखाद्या बाजारपेठेएवढे. वादळ त्यात आपलं आपण उठत होतं, कुणी काही सांगायला नको. त्याच्या पोटातून गार हवा निघाली आणि फरशीवर बादली लवंडावी तशी पसरत गेली. एकही रेघ तिला अडवत नव्हती. लांबच्या टोकाला नवा ढग वर आला. बाई म्हणाल्या, आता तुमचं जुनं सावकाश पुसा, आणि निघून गेल्या.

"तुझंच खरं होतं," वहिनी म्हणाली.

"काय खरं होतं? माझा भाग चालत नव्हता. चालवून बघा हवं तर."

वहिनीनं वन्संचा भाग परत जोडला आणि जुनं मॉडेल सुरू केलं. पूर्वी ज्याला तासन्‌तास लागत, ते चहा निवायच्या आत झालं. म्हणजे झालं कुठे, पूर्वी बंद पडायचं तिथंच बंद पडलं. वन्संना हसू फुटलं. तोंडावर हात धरून ती हसायला लागली, आणि वहिनीलाही आवरेना. किती वर्षांनी दोघी अशा हसत होत्या! मग वन्संनी चष्मा काढून डोळे पुसले.

"हे मला तेव्हाही माहीत होतं. रजेवरून आले की मीच काढ म्हणणार होते."

"मग एवढी वर्षं?"

"तू विचारलं नाहीस. दुसऱ्या कुणी काढलं असतं तर मला काही वाटलं नसतं गं."

वहिनीकडे चौदा वर्षांची उत्तरं तयार होती. कोणता आकडा कुठे फुटत होता, साहेब काय बोलले, अंदाज किती वेळा अडकला. यातलं एकही उत्तर कामाचं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि वाया गेलेल्या सगळ्या रविवारांचं फार वाईट वाटलं.

पडद्यावर वन्संचा भाग उघडा होता. एक बटण दाबलं की पुसला जाणार होता. वहिनीनं बटणावर नेलेला हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"वन्सं, काढू का?"

वन्संनी खुर्ची पुढे ओढून आपण लिहिलेलं वरपासून खालपर्यंत एकदा वाचून काढलं. शेवटची ओळ संपली तरी ती तिथंच बघत होती.

"काढ," ती म्हणाली, आणि वहिनीचा हात उचलून तिनंच बटणावर ठेवला.