उभे राहायचा नियम

“मॅडम, तुमच्या संघदीपसाठी सापडलं,” म्हणत वर्गातल्या रचनाने स्टूल पुढे सरकवले आणि ललिताबाई मेश्राम घाईघाईने संगणकासमोर बसल्या.

आमगावच्या त्या मुलींच्या शाळेत इंटरनेट येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. पडद्यावर दिसते ते सगळे खरे नसते, हे पोरींच्या डोक्यात भरवायला बाईंनी जिवाचे रान केले होते. त्यांचा एक नियमच होता. जिला काही सापडेल तिने उभे राहायचे आणि वर्गाने विचारायचे: कोणी लिहिले, कधी लिहिले, आपल्याकडून त्याला काय हवे? तिन्ही उत्तरे झाली की वर्ग ‘बस’ म्हणणार. तोवर पाय दुखले तरी बसायचे नाही. पोरी या नियमाला हसत, पण मोडत नसत.

आज विषय होता आपल्या भागातले आजार. रचनाच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते, जंगलातल्या एका मुळीने सिकलसेल तीन महिन्यांत कायमचा बरा होतो.

बाईंचा मुलगा संघदीप सहावीत होता. हा आजार त्याच्या रक्तात आईबाप दोघांकडून आलेला, आणि ते बाईंच्या मनाला फार लागून राहिले होते. थंडी पडली की पोराचे सांधे ठणकत, तरी तो निमूट पडून राही. रडला असता तर त्यांना बरे वाटले असते.

ते पान वाचताना बाईंना स्वतः शिकवलेले काही म्हणजे काही आठवले नाही. आईला एवढी सूट द्यायलाच हवी. मुळी मागवायच्या खालच्या चौकटीत त्यांनी पोराचे नाव घातले, गाव घातले आणि मोबाइलचा नंबर घालायला घेतला.

रचनाचा चेहरा उतरला. पान तिनेच तर आणले होते. थोडी चुळबुळ करून ती हळूच म्हणाली, “मॅडम, उभं राहा लागते न.”

ललिताबाई उभ्या राहिल्या.

“कोनं लिवलं हाय, मॅडम?” रचनाने विचारले.

त्यांनी पान वरखाली करून पाहिले. नाव नव्हते. कधी लिहिले, तेही कुठे नव्हते. तिसरा प्रश्न विचारायला कोणी धजेना, म्हणून तोही रचनानेच विचारला.

“आपल्यापासून त्याले काय पायजे?”

“नंबर पायजे,” बाई म्हणाल्या. एरवी वर्गात त्या अशा गावच्या बोलीत बोलत नसत. “आन दवाखान्याच्या गोळ्या आजपासून बंद करा म्हणून राहिला.”

त्या गोळ्यांनी आजार जात नव्हता, पण पोरगा आपल्या पायांनी शाळेत जात होता. बाईंनी नंबर पुसला, गाव पुसले. संघदीपचे नाव पुसताना मात्र हात थांबला. मग तेही पुसून त्यांनी पान बंद केले.

त्या तशाच उभ्या राहिल्या. वर्गाने अजून सांगितले नव्हते.

“बसा, मॅडम,” रचना म्हणाली, आणि त्या बसल्यावर त्यांच्या खांद्याला लागून उभी राहिली.